चवदार तळ्याचे पाणी आणि सरकारी तिजोरी

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये कोपर हे एक लहानसे स्थानक आहे. खालून मुंबईच्या लोकल धावतात, वरून दिवा-वसई मार्गाची गाडी जाते. एरवी या फलाटावर कोणी कोणाशी बोलत नाही. परंतु ६ डिसेंबरची पहाट वेगळी असते. पांढऱ्या कपड्यांतली माणसे, कडेवर लेकरे, पिशवीत चपाती-भाजी, आणि सर्वांची वाट एकच, ती म्हणजे दादरची. अशाच एका पहाटे गाडीची वाट पाहताना एका तरुण आयुष्यमानाने तक्रारीचा सूर लावला. तो ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत आहे, पगार चांगला आहे, आणि दरमहा पगारातून आयकर कापला जातो. आपण राबायचे आणि आपल्या करावर फुकट्यांनी जगायचे, हे कुठवर चालणार, असे त्याचे म्हणणे होते. सरकारने कर कमी करावेत आणि ज्याने त्याने आपले पाहावे, असेही तो म्हणाला.

त्याच्याच चाळीतल्या एक आयुष्यमती शेजारी उभ्या होत्या. त्या डोंबिवली एमआयडीसीत पॅकिंगचे काम करतात. त्यांनी शांतपणे विचारले की, मी साबण, तेल, बिस्किटाचा पुडा घेते, लेकीच्या मोबाईलचा रिचार्ज मारते, त्यावर कर नसतो का? मला पगाराची चिठ्ठी मिळत नाही म्हणून माझा कर दिसत नाही, एवढेच. आणि बाळा, तू इंजिनियर झालास त्या स्कॉलरशिपचे पैसे कोणाच्या खिशातून आले होते? तरुण गप्प झाला. तेवढ्यात गाडी आली.

गाडी आली म्हणून तो प्रश्न संपत नाही. आपल्या चळवळीत आरक्षणावर शेकडो सभा होतात. करावर एकही होत नाही. कर हा शेठजींचा आणि सी.ए. लोकांचा विषय आहे, अशी आपण समजूत करून घेतली आहे. मात्र ज्या महामानवाला अभिवादन करायला आपण चैत्यभूमीवर जातो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या विद्यार्थीदशेतली उमेदीची वर्षे याच विषयाच्या अभ्यासात घालवली. त्यांचे जीवनचरित्र या एका अंगाने वाचले तर त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमराव जन्मले. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर घर चालले ते प्रामुख्याने त्यांच्या पेन्शनीवर. मुलगा शिकला तो सातारच्या सरकारी शाळेत आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये, म्हणजे तेही सरकारीच. पेन्शन असो की शाळा, ती चालत होती जनतेने भरलेल्या करावर. साताऱ्याच्या शाळेत मात्र याच मुलाला वेगळे बसावे लागे. नळाला हात लावायची त्याला मनाई होती. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागायची, शिपाई नसला की तहानलेलेच राहायचे. शाळा सर्वांच्या पैशाची आणि नळ मात्र काहींचाच, हा हिशेब त्या बालवयात त्यांच्या अंगावर कोरला गेला. पुढे आयुष्यभर त्यांनी दोन प्रश्न सोडले नाहीत. सरकारी तिजोरी कोणाच्या घामाने भरते? आणि ती कोणासाठी उघडते?

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. सयाजीराव हे दूरदृष्टीचे राजे होते. ब्रिटिश हिंदुस्थानात कोणी मनावर घेत नव्हते तेव्हा, १९०६ साली, त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. महाराजांचे ऋण आपण मानतोच, आणि मानलेच पाहिजे. पण संस्थानचा खजिना भरत होता तो शेतसाऱ्यातून, म्हणजे बडोद्याच्या अनाम कुणब्यांच्या घामातून. त्या कुणब्यांनी भरलेल्या पैशावर एका अस्पृश्य मुलाने न्यूयॉर्क गाठले, असे म्हटले तर त्यात काहीही खोटे नाही.

आणि तो मुलगा न्यूयॉर्कला पोहोचला तेही नेमक्या वर्षी! १९१३ सालीच अमेरिकेने आपल्या संविधानात सोळावी दुरुस्ती केली आणि उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार संघराज्याला दिला. त्याच वर्षीच्या कायद्याने तीन हजार डॉलरपर्यंतचे उत्पन्न करमुक्त राहिले आणि त्यापुढे जितके उत्पन्न मोठे तितका कराचा दर चढता ठेवण्यात आला. या चढत्या कराचा शास्त्रीय पाया रचणाऱ्या विद्वानांत अग्रभागी होते कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन. तेच बाबासाहेबांचे गुरू झाले. ज्याच्या खांद्यात बळ जास्त त्याने ओझे जास्त उचलावे, हा न्याय बाबासाहेब तिथे केवळ पुस्तकात शिकले नाहीत, तर एका देशात तो कायदा होताना त्यांनी पाहिला.

१९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा जमाखर्च यावर प्रबंध लिहिला. कंपनीने शेतसारा, मीठ, अफू यांतून पैसा गोळा केला आणि त्यातला मोठा वाटा फौजेवर व कर्जाच्या व्याजावर उडवला. लोकोपयोगी कामांच्या वाट्याला फारच थोडे आले. पुढे लंडन, मध्येच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतणे, बडोद्यातला तो अपमान, सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि पुन्हा लंडन, हा खडतर प्रवास वाचकांना तोंडपाठ आहे. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने त्यांना डी.एस्सी. मिळाली. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची होती आणि ग्रंथ अर्पण केला होता सयाजीरावांना. मिठाचा आणि जमिनीचा कर गरिबाची कंबर मोडतो, बडे जमीनदार आणि गलेलठ्ठ पगाराचे अधिकारी मात्र अलगद निसटतात, आणि जमा झालेला पैसा शिक्षण-आरोग्याकडे वळत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून उघडे केले. कर वाईट असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. कर चुकीच्या माणसाकडून घेतला जातो आणि चुकीच्या कामावर उधळला जातो, हे त्यांचे निदान होते. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला, त्याला बाबासाहेबांचे अर्थशास्त्र कळले असे म्हणायला हरकत नाही.

आता १९२७ सालाकडे येऊ. हे साल आपण महाडसाठी ओळखतो. पण त्याच्या आधीचे तीन आठवडे आपण विसरतो. फेब्रुवारीत बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद म्हणून शपथ घेतली आणि २४ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. एक एकरवाल्याला आणि शंभर एकरवाल्याला शेतसाऱ्याचा दर सारखाच का, असा त्यांचा सवाल होता. त्या काळी शहरातल्या माणसाला वर्षाला दोन हजार रुपयांपर्यंत आयकर नव्हता. शेतकऱ्याला मात्र पीक बुडाले तरी सारा चुकत नव्हता. १२ मार्चला ते शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शाळेवर खर्च करा, इतकी साधी त्यांची मागणी होती. आणि त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

या घटना एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. १९२३ साली सी. के. बोले यांनी याच कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण ते कागदावरच राहिले. म्हणजे महाडचा सत्याग्रह हा माणुसकीच्या हक्काचा लढा तर होताच, त्याचबरोबर सार्वजनिक पैशावर जे उभे आहे ते सर्वांचे आहे, या तत्त्वाचाही लढा होता. तळे कोणा शेठसावकाराचे खाजगी असते, तर बोले ठराव तिथे लागू झाला नसता. ते नगरपालिकेचे होते. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला, तो याच पायावर. प्रतिपक्षाला वहिवाटीचा हक्क सिद्ध करता आला नाही. कोपरपासून कल्याणपर्यंत आज एकेक सार्वजनिक गोष्ट खाजगी होते आहे. ज्या दिवशी सर्व तळी खाजगी होतील, त्या दिवशी महाडचा विजय आपल्या हातून निसटलेला असेल. तेव्हा कोणी जात विचारणार नाही, फक्त पाकीट विचारेल.

पुढच्याच वर्षी, १९ मार्च १९२८ रोजी, त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. महाराने सरकारचे काम रात्रंदिवस करायचे, आणि मोबदला काय, तर तुकडाभर इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या दारात उभे राहून मागितलेले बलुते. काम सरकारचे आणि भाकरी मात्र गावाच्या मर्जीची! गाव रागावले की बलुते बंद. बाबासाहेबांच्या विधेयकात तोड अशी होती की, या बलुत्याचे पैशात रूपांतर करावे, ते सरकारने शेतसाऱ्याबरोबर उपकर म्हणून वसूल करावे आणि महाराला द्यावे. वाचकहो, या तरतुदीपाशी जरा थांबा. दारात मिळणारी भाकर ही भीक ठरते, मालकाची मर्जी ठरते. तीच भाकर कायद्याने कर म्हणून गोळा झाली आणि तिजोरीतून आली की ती हक्क ठरते, कारण तिच्यासाठी मान खाली घालावी लागत नाही. कल्याणकारी राज्य म्हणजे दुसरे काय असते? ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. त्यांच्या हयातीत वतन गेले नाही. ते त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर कायद्याने संपले. पण बलुते की पगार, हा त्यांनी टाकलेला सवाल आजही जिवंत आहे.

त्याच १९२८ च्या जुलै महिन्यात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आई आणि मूल यांचे संरक्षण हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि कामगारांचे संरक्षण यांबरोबरच करपद्धतीची सुधारणाही कार्यक्रमात घेतली. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोत म्हणजे कोण? सरकारच्या वतीने सारा गोळा करणारा मध्यस्थ. कुळाकडून घ्यायचे भरमसाट आणि सरकारात भरायचे ठरलेले तेवढेच. कर देणारा आणि कर खर्चणारे सरकार यांच्यामध्ये जो गब्बर होतो, त्याला बाबासाहेबांनी मुळापासून उपटायला घेतले.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. मागणी करणारा आता देणाऱ्या खुर्चीवर बसला होता. १९४४ साली खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसवून खाण कामगारांच्या कल्याणाचा निधी उभारण्यात आला. घरे, पाणी आणि दवाखाने यांसाठी तो पैसा होता. १९४६ साली अभ्रक खाणींच्या कामगारांसाठीही तसाच कायदा झाला. आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम त्यांच्याच खात्याने प्रा. अडारकरांवर सोपवले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मला, तो बाबासाहेबांनी मजूर खाते सोडल्यानंतर. फलाटावरच्या त्या आयुष्यमतींच्या कारखान्यात ही विमा योजना लागू असेल, तर आजच्या नियमाने त्यांच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि त्यावर सबंध कुटुंबाला औषधोपचार मिळतो. थोडे थोडे सर्वांनी भरायचे, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त भरायचे, आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला द्यायचे. सगळ्या व्यवस्थेचे मर्म एवढेच आहे.

आणि ती स्कॉलरशिप? १९४२ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले आणि उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. त्यातून तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. बडोद्याच्या कुणब्यांनी जे एका भीमरावाला दिले, ते त्या भीमरावाने अशा रीतीने लाखो मुलांना परत केले. कोपरच्या फलाटावरचा तो तरुण त्याच साखळीतली एक कडी आहे. आता त्याच्या पगारातून जो कर कापला जातो, तो दंड नाही. ती पुढच्या मुलाची फी आहे.

१९४७ साली संविधान सभेपुढे ठेवलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग व शेती राज्याकडे सोपवण्याची आणि प्रत्येक प्रौढाला मिळकतीप्रमाणे विमा सक्तीचा करण्याची योजना मांडली. ती बहुमताने स्वीकारली गेली नाही. तरीही संविधानाच्या चौथ्या भागात काम, शिक्षण, आजारपण व म्हातारपणातील साहाय्य, बाळंतपणाची सोय, पोषण आणि सार्वजनिक आरोग्य ही राज्याची कर्तव्ये म्हणून नोंदवली गेली. ती न्यायालयातून वसूल करता येत नाहीत, कारण त्यांना पैसा लागतो. म्हणूनच त्याच संविधानात कायद्याशिवाय कर नाही हे कलम २६५, केंद्राचा पैसा राज्यांत वाटणारा वित्त आयोग हे कलम २८०, आणि पैपैचा हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हे कलम १४८ आहे. या लेखापरीक्षकाचे पद बाबासाहेब संविधानातले बहुधा सर्वांत महत्त्वाचे मानत होते. आपला कर पुढारी आणि ठेकेदार खातात, मग भरायचा कशाला, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांचे हे उत्तर आहे. चोरी होते म्हणून तिजोरीच मोडायची नसते, पहारेकरी नेमायचा असतो.

आज काय चित्र आहे? श्रीमंताच्या मरणोत्तर संपत्तीवर १९५३ साली बसवलेला कर १९८५ साली रद्द झाला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. २०१९ साली कंपन्यांच्या कराचा मूळ दर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला गेला. २०१७ पासून आलेला जीएसटी मात्र साबणाच्या वडीवर उद्योगपतीला आणि मोलकरणीला सारखाच लागतो. मिठाच्या करावर बाबासाहेबांनी जे लिहिले, ते आठवावे.

काहीजण म्हणतील की, डेन्मार्कसारख्या देशातही वस्तूंवर पंचवीस टक्के कर आहे आणि तो गरीबही भरतो. खरे आहे. पण तिथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम कररूपाने गोळा होते आणि ती मोफत शाळा, मोफत विद्यापीठ, मोफत दवाखाना आणि म्हातारपणाची पेन्शन होऊन घरी परत येते. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये मिळून हे प्रमाण सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या आरोग्य धोरणाने ठरवले होते, ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. सबब, कर जास्त की कमी एवढाच प्रश्न नाही. कोणाकडून आणि कोणासाठी, हा बाबासाहेबांचा प्रश्नच खरा आहे.

कोपरहून स्लो लोकल पकडली की तिसरे स्थानक कळवा. तिथल्या महापालिकेच्या रुग्णालयात २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात अठरा रुग्ण दगावले. ठाण्याच्या पलीकडून, अगदी पालघरच्या पाड्यांवरूनही जिथे पेशंट येतात, तिथे खाटा किती आणि डॉक्टर किती, याचा हिशेब कोणत्या मोर्चात विचारला गेला? परळचे केईएम रुग्णालय १९२६ पासून मुंबईकरांच्या करावर उभे आहे आणि आजही सबंध महाराष्ट्राचा गरीब तिथे बरा होतो. मग १९८३ पासून महापालिका असलेल्या कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला मोठ्या दुखण्यासाठी मुंबईची लोकल का पकडावी लागते? भाड्याच्या खोलीत राहणाराही घरपट्टी भरतो. घरमालक ती भाड्यात धरूनच घेतो.

सरकारी शाळा बंद पडली, सरकारी दवाखाना ठेक्यावर गेला, सरकारी नोकरी कंत्राटी झाली, तर आरक्षण कशात मागणार? रिकाम्या तिजोरीत राखीव जागा नसते. म्हणून करकपातीच्या बातमीवर टाळ्या वाजवण्यापूर्वी आपल्या तरुणांनी विचार केला पाहिजे की, यातून आपल्याला दोन हजार वाचतील आणि आपल्या भाचीची शाळा जाईल. आपल्या महापालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो. शाळा, दवाखाना आणि पाणी यांवर किती आणि सुशोभीकरणावर किती, हे त्यात लिहिलेले असते. लेखापरीक्षणाचे अहवाल असतात, आणि ते दडवले तर २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. विहारात वर्षावासात ग्रंथवाचन होते, तसे एक संध्याकाळ अर्थसंकल्पाचे वाचन का होऊ नये? तो तरुण हिशेब मांडील आणि त्या आयुष्यमती प्रश्न विचारतील.

बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याआधी तिजोरीचा हिशेब मागितला होता. आपण तळ्याचे पाणी प्यालो, पण हिशेब मागायचे विसरलो. तो पुन्हा मागायला लागणे, हेच त्या महामानवाला खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!